लायलॅकचे झुडूप हिरवेगार, पण फुलांचा पत्ता नाही: काय तपासावे आणि कुठे थांबावे

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, रॉचेस्टर शहराजवळ राहायला येऊन मला १८ वर्षे झाली. या शहरातील हायलँड पार्कमध्ये १८९२ पासून लायलॅकची, म्हणजे वसंतात सुवासिक, बहुधा जांभळ्या फुलांचे घोस येणाऱ्या थंड प्रदेशातील झुडपाची, लागवड होत आली असून आज तेथे ५०० हून अधिक जातींची १,२०० हून अधिक झुडपे आहेत. मे महिन्यातील महोत्सवात त्या टेकडीवर पहिल्यांदा जाऊन आलेला मराठी माणूस घरी परतताना हमखास एखाद्या रोपवाटिकेपाशी गाडी थांबवतो, हा माझा अनुभव आहे. मी स्वतः तेच केले होते. त्यानंतर तीन-चार वर्षांनी फोन येतो, "झाड छान वाढलंय हो, पण फूल एक नाही." माझ्या अंगणातील दोन, शेजारच्या आजींचे एक आणि मंडळातील स्नेह्यांची पंधरा-वीस अशा झुडपांवर हाच दोष मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि बहुतेक ठिकाणी तो दूरही झाला. जेथे दूर झाला नाही, तेथे तो का झाला नाही, हेही पुढे लिहिले आहे.

लक्षणे

तक्रार एकच असली तरी नीट विचारपूस केल्यावर तिचे वेगवेगळे प्रकार निघतात, आणि प्रकार कळला की निम्मे काम होते.

- पाने गडद हिरवी आणि तजेलदार आहेत, दरवर्षी फूट-दीड फूट वाढ होते, पण मे उलटला तरी एकही घोस येत नाही.
- चार-सहा घोस येतात, तेही अगदी शेंड्याला, दहा-बारा फुटांवर. खाली नुसत्या बोडक्या, जाड काठ्या दिसतात.
- झुडूप एकाच बाजूने फुलते.
- एप्रिलमध्ये कळ्या दिसल्या होत्या, पण त्या काळ्या पडून वाळल्या.
- ऑगस्टमध्ये पाने तपकिरी होऊन गळतात, सप्टेंबरमध्ये अवेळी दोन-चार फुले येतात आणि पुढचा वसंत ऋतू कोरडा जातो.
- जांभळी सुवासिक फुले म्हणून झुडूप आणले, पण आता त्यावर बारीक पांढरी फुले येतात.

पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येणे, म्हणजे भुरी, हे लक्षण मी या यादीत मुद्दाम घेतलेले नाही. लोक सर्वांत आधी त्याचेच छायाचित्र पाठवतात आणि औषध विचारतात. परंतु उन्हाळ्याच्या शेवटी येणारी भुरी दिसायला वाईट असली तरी फुले न येण्याचे कारण बहुधा ती नसते. तिच्यासाठी फवारणीवर पैसे घालवू नयेत.

सर्वांत आधी: जागा आणि वय

या दोन गोष्टी तपासायला काहीही खर्च येत नाही. घरच्या पिनकोडवरून अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात आपला हवामान विभाग कोणता, ते पाहावे. साधा लायलॅक मूळचा बाल्कन प्रदेशातील डोंगरउतारांवरचा आहे आणि तो ३ ते ७ या विभागांत (आकडा जितका लहान, तितका हिवाळा कडक) उत्तम फुलतो. हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्यांची झोप पुरी होत नाही, आणि झोप पुरी न झालेली कळी वसंतात धडपणे उमलत नाही. ह्यूस्टनमधील एका स्नेह्याने लायलॅकवर सहा वर्षे कष्ट केले. त्याच्या हातात दोष नव्हता, तेथील हिवाळ्यात होता. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी मात्र लॉस एंजेलिसजवळच्या डेस्कान्सो गार्डन्सशी निगडित अशा, कमी थंडीत फुलणाऱ्या जाती आहेत; 'लॅव्हेंडर लेडी' ही त्यांतील सर्वांत परिचित. त्याच घ्याव्यात.

पुण्या-नाशिकहून येणाऱ्या विचारणेला माझे उत्तर नेहमी सरळ असते: लावू नका. महाबळेश्वरची थंडीही यास पुरत नाही. शिवाय लायलॅक या नावाने भलतेच झाड गळ्यात पडण्याचा धोका आहे, कारण बकाण निंबाला इंग्रजीत पर्शियन लायलॅक म्हणतात आणि आपल्या कडुनिंबालाही इंडियन लायलॅक असे एक नाव आहे. भारतात लायलॅकचा खरा भाऊबंद पाहायचा असेल तर पश्चिम हिमालयात जावे लागेल. तेथे त्याची एक जात रानात उगवते.

आता वय. रोपवाटिकेतून आणलेले लहान झुडूप नव्या जागी मुळे पसरवण्यात तीन ते पाच वर्षे सहज घालवते. कुंडीत असताना त्याला फुले होती, म्हणून अंगणातही पुढच्याच वर्षी यावीत, असे नसते. कोणाच्या तरी अंगणातून उपटून आणलेल्या मुळफुटव्याला याहून जास्त काळ लागतो. झुडूप पाच वर्षांच्या आतले असेल, ऊन पुरेसे असेल आणि वाढ नीट असेल, तर येथेच थांबावे. पुढचे काहीही करू नये, कारण या वयात केलेला बहुतेक प्रत्येक "उपाय" फुले आणखी एक वर्ष पुढे ढकलतो.

कळी पाहून दोषाचा काळ ठरवणे

फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये, बर्फ असतानाच, झुडपापाशी जाऊन फांद्यांची टोके पाहावीत. लायलॅकच्या फांदीच्या टोकाला बहुधा दोन डोळे (मिटलेले कोंब) शेजारी शेजारी असतात. ते फुगीर, गोलसर असतील तर आत फुले आहेत. बारीक आणि टोकदार असतील तर नुसती पाने. खात्री नसेल तर एक डोळा ब्लेडने उभा चिरावा. फुलाच्या डोळ्यात मोहरीहून लहान मण्यांचा, द्राक्षाच्या घडासारखा इवलासा घोस नुसत्या नजरेलाही दिसतो.

या पाच मिनिटांच्या तपासणीवर माझा फार भर आहे, कारण ती सगळ्या कारणांची दोन गटांत वाटणी करते. फुलांचे डोळे मुळात धरलेच नसतील, तर चूक मागील उन्हाळ्यात झाली: सावली, खत, पानगळ किंवा मातीतील दोष. डोळे धरले होते पण आता फांद्यांची टोकेच नाहीत, तर ती कोणीतरी कापली किंवा खाल्ली. आणि मार्चमध्ये डोळे भरलेले असूनही मे मध्ये फुले नसतील, तर मधल्या काळातील पाळा (रात्री गोठवणाऱ्या थंडीने पडणारे हिम) किंवा रोग जबाबदार आहे. हे न पाहता जे लोक थेट खताच्या पिशवीकडे वळतात, त्यांना उत्तर सापडलेच तर ते नशिबाने.

छाटणी केव्हा केली?

मी पाहिलेल्या झुडपांपैकी निम्म्याहून अधिक झुडपांचा दोष येथे होता, आणि तो आपल्या मराठी हातांच्या सवयीतून आला होता असे माझे स्पष्ट मत आहे. लायलॅक आणि मोगरा एकाच कुळातले. जाई, पारिजातक आणि ऑलिव्हही त्याच घरातले. वास घेताना ते नाते जाणवतेही. पण मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून आपल्याकडे डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून त्याला ताण देतात, जानेवारीत छाटतात, बुडाशी शेणखत घालतात, आणि नव्या कोवळ्या फांद्यांवर उन्हाळ्यात कळ्या लागतात. जितकी कडक छाटणी, तितका भरघोस बहार, हे आपण आई-आजीच्या हाताखाली शिकलो.

लायलॅकचे गणित नेमके उलटे आहे. मे अखेरीस फुले सुकली की जून-जुलैमध्येच तो पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे धरायला लागतो आणि ते डोळे घेऊनच हिवाळा काढतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये अंगण आवरताना, किंवा मार्चमध्ये उत्साहाने, झुडपाला वरून गोल आकार दिला की येणाऱ्या मे महिन्यातील एकूण एक फुले कात्रीखाली जातात. झुडपाला याने काही इजा होत नाही. ते जोमाने पालवते, आपल्याला वाटते छाटणी मानवली, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये आपण पुन्हा सिकेटर (छाटणीची कात्री) काढतो. मी स्वतः तीन वर्षे हेच केले. चौथ्या वर्षी आजारपणामुळे छाटणी राहून गेली आणि झुडूप फुलले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

उपाय फुकटचा आहे. फुले सुकल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतच, म्हणजे आमच्या भागात जूनच्या मध्यापर्यंत, काय छाटायचे ते छाटून घ्यावे आणि नंतर वर्षभर कात्री लावू नये. वाळलेले घोस काढायचे असतील तर फार जपून काढावेत: घोसाच्या अगदी खालून दोन कोवळे फुटवे निघालेले असतात आणि पुढील वर्षीची फुले त्यांच्याच टोकांना येणार असतात. घोस तेवढा खुडावा; घोसाबरोबर वीतभर फांदी ओढून काढू नये. बागकाम कोणा कंत्राटदाराकडे असेल तर त्याला लेखी सांगावे, कारण त्याच्या यंत्राला कुंपणाची मेंदी आणि लायलॅक सारखेच. आमच्या एका स्नेह्यांनी झुडपाला लाल फीत बांधून ठेवली आहे. ती दिसायला चांगली नाही, पण तिचा उपयोग झाला आहे.

मोगऱ्याची एक युक्ती मात्र लायलॅकलाही लागू पडते, आणि तीही फक्त कॅलिफोर्नियासारख्या ऊबदार, कोरड्या भागात. तेथे सप्टेंबरअखेरपासून पाणी तोडले तर पुरेशी थंडी नसतानाही झुडूप विश्रांतीला जाते. आमच्याकडे, जेथे शरदात पाऊसच असतो, तिचा उपयोग नाही.

ऊन मोजणे

"भरपूर ऊन येतं" हे उत्तर मी आता स्वीकारत नाही. जूनमधील एका सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाने झुडपाचे छायाचित्र काढावे आणि थेट ऊन किती तास पडले ते मोजावे. सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर लायलॅक पाने चांगली धरतो, पण फुलांचे डोळे धरायला लागणारे बळ त्याच्याकडे उरत नाही. एकाच बाजूने फुलणाऱ्या झुडपाचे कारण जवळपास नेहमी हेच असते. झुडूप लावले तेव्हा ऊन होते, हे खरेही असते. पण मधल्या बारा वर्षांत शेजारचा मेपल दुप्पट झालेला असतो आणि तो रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

ऊन चार-पाच तासांचे असेल तर मेपलच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढूनही फरक पडतो. तीन तासांच्या खाली असेल तर झुडूप हलवण्यावाचून मार्ग नाही, आणि तो पुढे सांगितल्याप्रमाणे शेवटचा मार्ग आहे.

खताची पिशवी

गडद हिरवी पाने, लांबलचक फूट आणि फूल शून्य, असे असेल तर गॅरेजमधील लॉनच्या खताची पिशवी पाहावी. तिच्यावरील तीन आकड्यांपैकी पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशचा असतो. लॉनच्या खतात पहिला आकडा मोठा असतो, कारण गवताला पानेच हवी असतात. लायलॅकची मुळे झुडपाच्या घेरापलीकडे, लॉनच्या खालीही पसरलेली असतात. त्यामुळे "मी झाडाला काहीच घालत नाही" असे सांगणाऱ्याचे झाडही वर्षातून चार वेळा नत्र खात असते.

झुडपाभोवती निदान तीन-चार फुटांचे वर्तुळ गवतमुक्त करावे, त्यात दोन-तीन इंच जाडीचे लाकडाच्या भुशाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे (खोडांना न चिकटवता), आणि त्या बाजूला लॉनचे खत दोन वर्षे टाकू नये. हाडांचा चुरा, एप्सम सॉल्ट, केळीच्या साली हे उपाय मला वरचेवर विचारले जातात. मातीत जे आधीच पुरेसे आहे ते आणखी घालून फुले येत नाहीत, आणि पुरेसे आहे की नाही हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही.

हरणे, पाळा आणि करपा

फांद्यांची टोके फाटल्यासारखी तुटलेली असतील, आणि तीही माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंतच, तर ते हरणाचे काम आहे. हरणाला वरचे पुढचे दात नसल्यामुळे तो कापत नाही, ओढून तोडतो. हिवाळ्यापुरती जाळी लावावी.

कळ्या एप्रिलमध्ये काळ्या पडल्या असतील तर पाळा आणि जिवाणूजन्य करपा यांत फरक करावा लागतो. पाळ्याने एका रात्रीत सर्व उघड्या बाजूंवरचे कोवळे भाग एकदम मऊ होऊन काळवंडतात, आणि त्या रात्रीचे तापमान नोंदीत सापडते. त्यावर उपाय नाही. पुढच्या वर्षाची वाट पाहावी. करपा मात्र थंड, ओल्या हवेत इकडे-तिकडे काही फुटव्यांनाच लागतो, पानांवर पिवळ्या कडेचे डाग दिसतात आणि कोवळे शेंडे काळे होऊन वाकतात. हा रोग करणाऱ्या जिवाणूचे शास्त्रीय नावच लायलॅकवरून पडले आहे. काळ्या भागाच्या बरेच खालून, कोरड्या दिवशी फांदी कापावी, प्रत्येक कापानंतर सिकेटर अल्कोहोलने पुसावे आणि कापलेले भाग कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्यावेत.

फुललेले झुडूप दुसरेच तर नाही?

काही झुडपे कलमी असतात आणि त्यांचा खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग) प्रिव्हेट या कुंपणाच्या झुडपाचा असतो. खुंटापासून निघालेले फुटवे वेळीच काढले नाहीत तर पाच-सात वर्षांत कलम दबून जाते आणि आपण खुंटालाच पाणी घालत राहतो. ओळखायला पाने पुरतात: साध्या लायलॅकचे पान हृदयाच्या आकाराचे, शेपूट नसलेल्या लहानशा पिंपळपानासारखे असते, प्रिव्हेटचे पान लहान, अरुंद आणि लांबट. असे फुटवे जमिनीलगत न कापता, माती उकरून, जेथून निघाले आहेत तेथून ओढून काढावेत. कापले तर एकाचे चार होतात.

माती परीक्षण

येथून पुढे थोडा खर्च आहे. प्रत्येक राज्याच्या कृषी विद्यापीठाची विस्तार सेवा माफक शुल्कात माती तपासून देते. न्यूयॉर्कमध्ये ते काम कॉर्नेलचे, न्यू जर्सीत रटगर्सचे. लायलॅकला मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच आकडा; तो जितका कमी, तितकी माती आम्ल) ६.५ ते ७ च्या आसपास हवा. न्यू इंग्लंडमधील पुष्कळ अंगणांत माती त्याहून बरीच आम्ल असते. पैसे भरण्याआधी एक खूण पाहता येते: शेजारीच ब्लूबेरी किंवा अझेलिया उत्तम वाढत असेल तर ती माती लायलॅकला आवडणारी नाही. ब्लूबेरीसाठी कोणी गंधक घातले असेल, तर तेही विचारून घ्यावे.

अहवालात सांगितले असेल तेवढाच बागेचा चुना शरदात घालावा. सामू हळूहळू वर सरकतो, त्यामुळे फरक दिसायला वर्षभर तरी लागते. शेकोटीची राख अंदाजाने पसरू नये. ती चुन्यापेक्षा लवकर काम करते आणि तितक्याच लवकर बिघडवतेही. त्याच वेळी निचराही तपासावा. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी उभे असेल, तर चुना घालूनही उपयोग होणार नाही.

ऑगस्टमधील पानगळ

ईशान्येकडील राज्यांत पावसाळी उन्हाळा झाला की पानांवर तपकिरी ठिपके पडून ऑगस्टपर्यंत झुडूप उघडे होते, असे अलीकडे मी वारंवार पाहतो. हा बुरशीचा रोग आहे. झुडूप मरत नाही, पण पाने लवकर गेल्याने त्याची झोप मोडते आणि पुढच्या मे महिन्यासाठी राखलेले काही डोळे सप्टेंबरमध्येच उमलतात. लोक त्या अवेळी फुलांचे कौतुक करतात; मला ती पाहून वाईट वाटते. गळलेली पाने पूर्ण गोळा करून बाहेर द्यावीत, झुडपाच्या आतील गर्दी विरळ करून हवा खेळती ठेवावी आणि तुषार सिंचनाचे पाणी पानांवर पडत असेल तर त्याची दिशा बदलावी.

म्हातारे झुडूप: तीन वर्षांचे काम

फुले फक्त शेंड्याला येत असतील तर झुडपात जुन्या, मनगटाएवढ्या काठ्यांचीच गर्दी झाली आहे. येथे अंगमेहनत लागते आणि धीरही. पहिल्या वर्षी फुले सुकताच सर्वांत जाड काठ्यांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत करवतीने कापाव्यात. दुसऱ्या वर्षी उरलेल्यांपैकी निम्म्या, तिसऱ्या वर्षी बाकीच्या. मधल्या काळात बुडाशी फुटव्यांचे रान माजते; त्यांतील जोमदार आणि एकमेकांपासून दूर असलेले तेवढे ठेवून बाकीचे काढावेत, म्हणजे शेवटी वेगवेगळ्या वयाच्या आठ-दहा काठ्या उरतात. सगळे झुडूप एकदम फूटभर उंचीवर कापण्याची सोपी रीतही आहे आणि लायलॅक ती सोसतो, पण मग तीन वर्षे तरी फुलांचे नाव काढू नये. शेजारच्या आजींनी सोपी रीत स्पष्ट नाकारली. "माझ्याकडे तीन वर्षं आहेत की नाहीत, कोणास ठाऊक," असे त्या म्हणाल्या, आणि म्हणून मी हळू रीतच धरली. त्यांच्या खिडकीसमोर दरवर्षी काही ना काही फुलत राहिले.

कापताना खोडावर पेन्सिलीच्या जाडीची भोके आणि त्यांच्या खाली भुसा दिसला तर तो खोडकिडा आहे. ती काठी बुडापासून कापून वसंतापूर्वी नष्ट करावी. सालीला बारीक शिंपल्यांसारखे करडे खवले चिकटलेले असतील तर ती खवले कीड. थोडी असेल तेव्हा मऊ ब्रशने घासून निघते, आणि जास्त असेल तर कळ्या उमलण्याआधी बागेचे फवारणी तेल लेबलावरील प्रमाणात वापरतात.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

सावली करणारी फांदी शिडीवर चढून करवतीनेच कापावी लागणार असेल, किंवा तिच्याजवळून विजेची तार जात असेल, तर आपण ते काम करू नये. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचे प्रमाणपत्र आणि विमा असलेला वृक्षतज्ज्ञ बोलवावा. झाड शेजाऱ्याचे असेल तर त्याच्याशी आधी बोलावे. फांदी आपल्या हद्दीत आली म्हणून झाडाला इजा होईल असे काही करण्याचा हक्क मिळत नाही.

पाणी भरपूर असूनही एकामागून एक फांद्या अचानक मलूल होऊन वाळत असतील, तर मातीतील बुरशीचा मर रोग असू शकतो आणि तो नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. अर्धवट वाळलेल्या फांदीचा तुकडा विस्तार सेवेच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल येईपर्यंत त्या जागी नवे झुडूप लावू नये. पाने दुमडून, पिळवटून गेली असतील तर लॉनवर फवारलेल्या तणनाशकाचा वारा लागल्याची शंका घ्यावी; फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव मिळवून मगच तज्ज्ञाला विचारावे. खोडकिडा निम्म्याहून अधिक काठ्यांत पसरला असेल तर दुकानातील कीटकनाशक आणून खोडावर ओतू नये. फुलांवर मधमाश्या येतात आणि हे काम परवानाधारक माणसाचे आहे.

मोठे झुडूप हलवायचे तर सहा-सात फूट घेराचे काम होते, आणि अमेरिकेत कोणतेही खोदकाम करण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते. काही दिवसांत माणसे येऊन जमिनीखालील गॅस, वीज आणि केबल यांच्या खुणा विनामूल्य करून जातात. झुडूप डोक्यापेक्षा उंच असेल तर मी ते स्वतः हलवत नाही आणि कोणाला तसा सल्लाही देत नाही. ते काम यंत्र असलेल्या माणसाला द्यावे, किंवा बुडाचा एक मुळासकट फुटवा मार्चमध्ये काढून उन्हाच्या जागी लावावा आणि पाच वर्षे थांबायची तयारी ठेवावी. कलमी झुडपाबाबत मात्र तो फुटवा खुंटाचा निघतो.

नवे झुडूपच घ्यायचे ठरले तर ते मे महिन्यात, फुललेले असताना, दुपारच्या उबेत, नाकाने तपासून घ्यावे. सर्वच जाती सारख्या सुवासिक नसतात आणि चिठ्ठीवरील वर्णनात प्रत्येक लायलॅक सुगंधी असतो. कलमी नसलेले, स्वतःच्या मुळांवर वाढवलेले रोप मागावे. आणि झुडूप कोठे लावायचे ते विकत घेण्यापूर्वी ठरवावे: छायाचित्रांचा तो दिवस आधी, गाडी थांबवणे नंतर.